दवाखाना, भजन आणि दरबार : सातारा-सांगलीतील ख्रिस्ती संदेश

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे आज वेगळे असले तरी त्यांची प्रशासकीय नाळ एकच आहे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' या नावाचा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याचेच नामांतर सांगली असे झाले. ख्रिस्ती मिशनांच्या नकाशावर मात्र या भूभागाची वाटणी त्याच्या शंभर वर्षे आधीच झालेली होती. उत्तरेकडून अमेरिकन मराठी मिशन आले. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगर येथे (आताचे अहिल्यानगर) पाय रोवलेल्या या मिशनने १८४९ मध्ये साताऱ्यात ठाणे उघडले. छत्रपतींचे राज्य खालसा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. दक्षिणेकडे १८५२ पासून रॉयल गोल्ड वाइल्डर यांनी कोल्हापुरात काम सुरू केले. ते १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनच्या छत्राखाली आले आणि तेथून पुढे सांगली व मिरज या पटवर्धनी संस्थानांत पोहोचले.

या दोन्ही मिशनांच्या कार्याचा आरंभीचा साचा एकच होता. आठवड्याच्या बाजारात किंवा जत्रेच्या वाटेवर उभे राहून प्रवचन करायचे, छापील पुस्तिका विकायच्या किंवा वाटायच्या, जमल्यास शास्त्री-पंडितांशी वाद घालायचा. या प्रकाराला मिळालेले यश फार मर्यादित होते, हे मान्य करावयास हरकत नसावी. ज्या मुलुखातून आषाढी-कार्तिकीला दिंड्या जातात, जेथे हरिकथा ऐकणे हा संध्याकाळचा परिपाठ, तेथे धर्माविषयी बोलणाऱ्या माणसाला श्रोते मिळणे मुळीच कठीण नव्हते. श्रोते येत, शांतपणे ऐकत, दोन प्रश्न विचारीत आणि घरी जात. वक्त्याचे म्हणणे पटले म्हणून देव बदलावा, ही कल्पनाच त्यांना अपरिचित होती.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही किंचित कमी आहे आणि त्यातील मोठा वाटा मुंबई, वसई, ठाणे, पुणे या पट्ट्यात आहे. सातारा-सांगलीतील ख्रिस्ती समाज त्या मानाने लहानच. यशाचे मोजमाप शिरगणतीनेच करायचे ठरविले तर सांगण्यासारखे फारसे उरत नाही. परंतु मराठी वैद्यकसेवेचा, शिक्षणाचा आणि मराठी कवितेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला या दोन जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळींना वळसा घालून पुढे जाता येत नाही. संदेश व्यासपीठावरून जेवढा पोहोचला नाही तेवढा तो दैनंदिन व्यवहारातून पोहोचला. तो कसा पोहोचला, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा या विषयाचा गाभा आहे.

येथे एक गोष्ट प्रारंभीच नोंदविणे आवश्यक आहे. संदेश पोहोचणे आणि धर्मांतर होणे या दोन घटना एकच नव्हेत. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ घराणे साताऱ्याकडील कटगुणचे आणि त्यांचे इंग्रजी शिक्षण पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. नायगावच्या सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापन-प्रशिक्षणाचा संबंध अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमधील सिंथिया फॅरार यांच्या संस्थेशी जोडला जातो. या दोघांपैकी कोणीही बाप्तिस्मा घेतला नाही. त्यांनी जे घेतले ते मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांना एका फळ्यासमोर बसविण्याचे धैर्य, आणि ते त्यांनी स्वतःच्या सत्यशोधनाच्या मार्गाने पुढे नेले. मिशनरी अहवालांच्या हिशेबात अशा माणसांसाठी रकाना नव्हता.

मिरजेचा दवाखाना

विल्यम जेम्स वॉनलेस हे मूळचे कॅनडाचे. वैद्यकीय शिक्षण न्यूयॉर्कमध्ये पूर्ण करून १८८९ मध्ये ते प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून सांगलीत दाखल झाले. सांगलीतील दवाखान्यापासून आरंभ झालेले हे काम लवकरच मिरजेला हलविण्यात आले आणि १८९४ मध्ये तेथे रुग्णालय सुरू झाले. मिरजेची निवड दूरदृष्टीची ठरली. पुणे, बेळगाव आणि कोल्हापूर या तिन्ही दिशांचे लोहमार्ग मिरजेत एकत्र येत होते. कर्नाटकातील आणि कोकणच्या घाटमाथ्यावरील रुग्णाला बैलगाडीने जवळचे स्थानक गाठता आले की पुढचा प्रवास आगगाडी करीत असे. आज मिरज हे दवाखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते, सीमाभागातून रोज रुग्ण तेथे उतरतात. त्या ओळखीचा पाया या रुग्णालयाने घातला.

वॉनलेस शल्यचिकित्सक होते. मोतीबिंदू, मूतखडा, पोटातील गाठी अशा ज्या व्याधींपुढे वैद्य-हकिमांनी हात टेकलेले असत, त्या घेऊन लोक मिरजेला येऊ लागले. आंधळा झालेला म्हातारा काठी टेकीत आला आणि नातवाचा चेहरा पाहून परत गेला, ही घटना एका गावात घडली की पुढच्या आठवड्यात त्या गावातून चौघे निघत. प्रसार म्हणतात तो असा होत होता. शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना करण्याची तेथे रीत होती. बाह्यरुग्ण विभागात खोळंबून बसलेल्यांना शुभवर्तमानातील गोष्टी सांगितल्या जात. हे लपूनछपून चालत नव्हते आणि त्याबद्दल मिशनने कधी संकोचही बाळगला नाही. पण रुग्णाच्या मनावर अधिक परिणाम कशाचा झाला असेल, गोष्टीचा की खाटेचा, हे सांगणे अवघड नाही.

खाटेचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळचे समाजचित्र डोळ्यांपुढे आणावे लागते. रुग्णासोबत नातेवाइकांचा गोतावळा येई. शिधा, भांडी, चूल असा सारा संसार बरोबर असे. पाण्याचे, शिवणाशिवणीचे नियम कडक होते. अशा समाजातील माणूस रुग्णालयात आला की त्याच्या शेजारच्या खाटेवर कोण असावे हे त्याच्या हाती राहत नसे. जखम धुणारे, मलमपट्टी करणारे हात कोणत्या जातीत जन्मले याची चौकशी वेदनेत असलेला माणूस फार काळ करू शकत नाही. बंधुभावावरील दहा प्रवचनांनी जे साधले नसते ते एका जखमेच्या पट्टीने साधले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. घरी परतल्यावर तोच माणूस पुन्हा जुने नियम पाळू लागला असेल, हेही तितकेच संभवनीय आहे.

१८९७ मध्ये मिरजेत वैद्यकीय प्रशिक्षणाची शाळा सुरू झाली. तिच्यातून बाहेर पडलेल्या भारतीय डॉक्टरांनी दूरदूरच्या मिशन दवाखान्यांत काम केले. परिचारिकांच्या प्रशिक्षणाचे कार्यही या रुग्णालयाने केले. आजही महाराष्ट्रातील ख्रिस्ती घरांत परिचारिकेचा पेशा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आढळतो, त्याचे मूळ अशा मिशन रुग्णालयांत आहे. भल्या घरच्या मुलीने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे अशोभनीय समजले जाई त्या काळी या मुलींनी ते काम पत्करले, याची मराठी समाजाने म्हणावी तशी नोंद घेतलेली नाही. पुढे मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभे राहिले. सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले आणि त्या वस्तीला वॉनलेसवाडी हे नाव पडले. परकीय माणसाचे आडनाव आणि त्याला जोडलेला अस्सल मराठी 'वाडी' हा प्रत्यय. लोकांनी एखाद्याला आपले मानल्याची याहून साधी खूण सापडणार नाही. वॉनलेस १९२८ मध्ये निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला, आणि १९३३ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. मिरजेत १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले तेव्हा त्याच्या प्रारंभीच्या वाटचालीत वॉनलेस रुग्णालयाचे सहकार्य मोलाचे ठरले.

उत्तरेकडे वाईतही अमेरिकन मराठी मिशनने रुग्णालय चालविले. ज्या वाईत नारायणशास्त्री मराठे यांची प्राज्ञपाठशाळा वेदविद्येची आणि धर्मशास्त्राची नवी मांडणी करीत होती, त्याच गावात मिशनचा दवाखानाही नांदत होता. दोघांचे मार्ग भिन्न होते आणि गाव दोघांचे होते.

सेवा आणि तिचा मोबदला

या सेवेवर आक्षेपही घेतले गेले आणि ते हलके लेखण्याजोगे नाहीत. दुखण्याने हतबल झालेल्या माणसाला धर्माची गोष्ट सांगणे हे त्याच्या असहायतेचा लाभ घेणे नव्हे काय, हा प्रश्न महात्मा गांधींनी १९३० च्या दशकात 'हरिजन'मधून वारंवार उपस्थित केला. सेवेमागे धर्मांतराचा हेतू असेल तर ती सेवा निर्मळ राहत नाही, ही त्यांची भूमिका होती. मिशनरींची बाजू अशी की, ज्या श्रद्धेतून सेवा घडते ती श्रद्धा झाकून ठेवणे हाच अप्रामाणिकपणा होय. दोन्ही भूमिकांत तथ्य आहे. मिरजेसारख्या ठिकाणी प्रत्यक्षात काय घडले ते पाहिले तर गांधीजींची भीती आकड्यांनी खरी ठरत नाही. तेथे बऱ्या झालेल्या रुग्णांच्या मानाने बाप्तिस्मा घेणारे अत्यल्प होते. ज्यांनी तो घेतला त्यांतील पुष्कळांना गावकुसाबाहेरच्या जिण्यातून बाहेर पडायचे होते, आणि माणूस म्हणून वागविले जाण्याची इच्छा ही आध्यात्मिक इच्छा नव्हे असे ठरविण्याचा अधिकार कोणास आहे, हाही प्रश्न उरतोच.

खरा पेच वेगळ्याच ठिकाणी होता. धर्म स्वीकारणारा मनुष्य आपल्या गावातून उठत असे. घर, शेत, बलुते, पाणवठा सारे तुटल्यावर त्याला आसरा मिशनच्या आवारातच मिळे. तेथेच राहणे, तेथेच शाळा, तेथेच नोकरी. पोशाख बदले, नाव बदले, गाण्याची चाल बदले. परदेशी साहेब 'मायबाप' होत असे. ज्याने आपल्या शेजाऱ्यांना आपल्या जगण्यातून काही सांगायचे, त्याला शेजारच उरत नसे. कुंपणाच्या आतला उजेड बाहेर पडण्यासाठी भिंतीला खिडकी हवी होती. ही कोंडी ज्याने सर्वांत तीव्रतेने ओळखली तो माणूस आयुष्याच्या अखेरच्या पर्वात साताऱ्याला आला.

रेव्हरंड टिळकांचे घर

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, कोकणातील करजगावचा. संस्कृतचा व्यासंग, शीघ्रकवित्व आणि एका जागी न टिकणारा स्वभाव घेऊन ते नाशिक, नागपूर असे फिरत राहिले. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो देणारे धर्मगुरू भारतीय होते, हा योगायोग नव्हता. परदेशी मिशनऱ्याच्या हातून नवे जीवन घ्यायचे नाही, हा त्यांचा आग्रह पहिल्या दिवसापासूनचा.

या निर्णयाने घरात वादळ उठले. पत्नी लक्ष्मीबाई जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्या. सोवळ्या-ओवळ्याच्या कडक शिस्तीत वाढलेल्या या बाईंना पतीचे ख्रिस्ती होणे हे मरणप्राय दुःख होते. काही वर्षे दोघे दूर राहिले. पुढे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सोडले नाही, स्वयंपाकपाणी वेगळे ठेवले. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. ज्या धर्माचा प्रचार करण्यासाठी ते गावोगाव फिरत, त्या धर्माविषयी स्वतःच्या घरात त्यांना वर्षानुवर्षे थांबावे लागले. हे थांबणे टिळकांच्या एकूण तापट, उतावळ्या प्रकृतीशी विसंगत होते आणि म्हणूनच त्याचे मोल अधिक. लक्ष्मीबाई बदलल्या त्या कोणाच्या व्याख्यानाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपल्याच मनाशी सोडविला, आणि एकदा उत्तर मिळाल्यावर मागे वळून पाहिले नाही. १९०० मध्ये राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे नगरला प्लेगची साथ असताना, जवळचे नातेवाईकही रुग्णाला शिवत नसत अशा वेळी, त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. ज्या बाईंनी विटाळाच्या भयाने दुसऱ्याच्या हातचे पाणी घेतले नव्हते त्याच या बाई.

टिळकांच्या घरी माणसांचा राबता अखंड होता. अनाथ मुले, विद्यार्थी, नवे ख्रिस्ती, कवी कोणीही यावे आणि राहावे. बालकवी ठोंबरे नगरला या घरात राहिले, मुलासारखे वाढले. त्यांनी धर्म बदलावा असे कोणी म्हटले नाही आणि त्यांनी बदललाही नाही. महिन्याच्या पगाराचे काय होत असे याची लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये केलेली वर्णने वाचून हसू येते आणि पुढच्याच ओळीला त्या बाईंची दया येते. उपदेशकाच्या औदार्याचा बोजा बहुधा त्याच्या पत्नीच्या माथ्यावर पडतो. टिळक घरी माणसे आणीत. पिठाच्या डब्याचा तळ लक्ष्मीबाईंना दिसे. ख्रिस्ती संदेश घराघरातून पसरला असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा ती घरे कोणी चालविली हेही विचारले पाहिजे.

साताऱ्यातील दरबार

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. दोन दशकांहून अधिक काळ ज्या संस्थेत त्यांनी काम केले, अध्यापन केले, 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचा मराठी विभाग सांभाळला, तिच्या वेतनाचे बंधन त्यांनी झुगारले आणि संन्यस्त वृत्तीने ते साताऱ्यास राहू लागले. भांडून बाहेर पडणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहणे अन्यायाचे होईल. मिशनऱ्यांतील अनेकांशी त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. परंतु पगारी प्रचारकाच्या तोंडून आलेल्या शब्दाकडे लोक पगाराच्या चष्म्यातून पाहतात, हे त्यांनी पुरते ओळखले होते. या देशात धर्म सांगणारा मनुष्य निष्कांचन असावा लागतो. तुकोबांनी शिवरायांचा नजराणा परत पाठविल्याची कथा ज्या समाजाला तोंडपाठ, त्याला परदेशातून येणाऱ्या वेतनावर चालणारे वैराग्य पटणे अशक्यच होते.

साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा तो बंधुसंघ होता आणि त्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोघांनाही स्थान होते. ही कल्पना आजही धाडसी वाटावी अशी आहे. चर्चच्या दृष्टीने बाप्तिस्मा हा उंबरठा. तो ओलांडल्याशिवाय घरात प्रवेश नाही. टिळकांनी उंबरठ्याबाहेर अंगण आखले. ज्याला आपली आई, आपली भाऊबंदकी, आपला गाव न सोडता ख्रिस्तामागे जायचे आहे त्याने तसे जावे. त्याला परके ठरवू नये. चर्चमधील अनेकांना यात शिथिलता दिसली. चर्चबाहेरच्यांना हा धर्मांतराचाच सौम्य सापळा वाटणे स्वाभाविक होते. दोन्ही बाजूंच्या संशयात सापडणे हे मध्ये उभ्या राहणाऱ्याचे नेहमीचेच भागधेय आहे.

नावाची निवडही पाहण्यासारखी आहे. मिशनच्या मराठीत चर्चच्या सभासदांना 'मंडळी' म्हणतात. मोठा सुंदर शब्द, कारण मराठीत घरची माणसे मंडळी, पंक्तीला बसलेली मंडळी, आणि जुन्या पद्धतीने बोलायचे तर बायकोही मंडळीच. पण टिळकांनी साताऱ्यात 'दरबार' म्हटले. छत्रपतींच्या गादीच्या गावात दरबार या शब्दाला जो अर्थ होता तो त्यांना ठाऊक होता. त्या दरबारात मान घराण्यावर ठरे. या दरबारात राजा देव आणि बाकी सारे सारखे, असा तो उलटा न्याय होता.

दरबाराला आयुष्य फार लाभले नाही. टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन झाले. पुरण्याची ख्रिस्ती रूढी त्यांनी आपल्यापुरती बाजूला सारली. संघटना म्हणून दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. टिळकांच्या ठायी प्रतिभा होती, व्यवस्थापन नव्हते, आणि दरबार ही बऱ्याच अंशी एका माणसाच्या प्रेमळ व्यक्तिमत्त्वावर उभी असलेली वास्तू होती. तथापि कल्पना मेली नाही. टिळकांचे चरित्र इंग्रजीत लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. भारतीय आश्रमाच्या धर्तीवर साधी राहणी, खादी आणि सहजीवन या मार्गाने तो चालला. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून ख्यात झालेले व्हेरियर एल्विन भारतात आले तेही प्रथम याच संघात.

योगायोगाची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. टिळक गेले त्याच १९१९ साली सातारा जिल्ह्यातीलच काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेचा प्रारंभ केला. सर्व जातींची मुले एका वसतिगृहात राहतील, एका चुलीवरचे जेवतील हा त्यांचा आग्रह होता. त्याची मुळे जैन संस्कारांत आणि सत्यशोधक चळवळीत आहेत, ख्रिस्ती मिशनशी त्यांची ओढूनताणून सोयरीक जुळविण्याचे कारण नाही. मात्र जे मिशनच्या आवारात घडत होते ते आवाराबाहेर, गावाच्या मध्यभागी घडू लागले तेव्हा त्याला किती बळ आले हे या उदाहरणावरून दिसते. टिळक ज्या भिंतीशी झगडत होते ती कर्मवीरांच्या वाटेत नव्हती.

अभंगाची वाट

टिळकांचे दुसरे काम मात्र चिरकाल टिकले. मराठी ख्रिस्ती उपासनेत त्याआधी इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे परदेशी चालींवर गाइली जात. शब्द मराठी असत. कानाला ते मराठी वाटत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या बाजूला ख्रिस्ती कीर्तनाचे प्रयोग सुरू झाले होते आणि कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालीत पदे रचली होती. टिळकांनी त्या प्रवाहाला प्रतिभेची जोड दिली. अभंग, ओवी, आरती, पाळणा ही सारी घरगुती रूपे त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी वापरली. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत.

गीताची ताकद अशी की त्याला कुंपण अडवू शकत नाही. पेटी, तबला आणि टाळ घेऊन नाताळच्या सुमारास घरोघर भजन होते तेव्हा शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहतात. चाल ओळखीची असते, 'बा', 'माउली', 'सखा' ही संबोधने ओळखीची असतात. भजनानंतर करंजी-शंकरपाळ्यांचे ताट शेजारी जाते. दिवाळीत त्याच ताटाची परतफेड होते. सातारा-सांगलीतील लहान ख्रिस्ती मंडळ्यांचे बाह्य जगाशी असलेले नाते प्रामुख्याने असे आहे. सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या उपासनेला धान्य आणि भाजीपाला आणायचा, त्याचा लिलाव करायचा, प्रीतिभोजनाला एका पंगतीत बसायचे. गावच्या भंडाऱ्याशी साम्य पाहणाऱ्याच्या सहज लक्षात यावे. त्या पंगतीत मात्र सगळे काही निवळलेले असते असे नाही. पूर्वाश्रमीची जात सोयरिकीच्या वेळी ख्रिस्ती घरांतही डोके वर काढते, ही तक्रार समाजातील विचारवंत स्वतःच करीत आले आहेत.

टिळकांनी आखलेले अंगण आज कायद्याच्याही भाषेत गुंतागुंतीचे झाले आहे. राज्यघटनेचा २५ वा अनुच्छेद धर्माचे आचरण व प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देतो. रेव्हरंड स्टेनिस्लॉस खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क अंतर्भूत नाही असा निर्णय दिला. दुसरीकडे १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांना नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये हा दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली होती. २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमण्यात आला. परिणामी एखाद्या दलित कुटुंबाने ख्रिस्तावरील श्रद्धा उघडपणे नोंदविली तर मुलांच्या शिष्यवृत्तीवर आणि आरक्षणावर पाणी सोडावे लागते, आणि न नोंदविता जपली तर दुटप्पीपणाचा आरोप पदरी येतो. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले यांना एकत्र बसविताना टिळकांच्या मनात भक्तीचा विचार होता. सरकारी दाखल्यावरचा रकाना त्या वेळी एवढा वजनदार नव्हता.

साताऱ्यातील त्या अखेरच्या वर्षांत टिळकांच्या हाती आणखी एक काम होते. 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रावरील ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी आरंभले होते आणि ते अकराव्या अध्यायाच्या सुमारास थांबले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. शाळेची पायरी न चढलेल्या, अक्षरओळख पतीकडून झालेल्या या बाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९३८ मध्ये 'ख्रिस्तायन' प्रसिद्ध झाले. त्याच दशकात प्रसिद्ध झालेली त्यांची 'स्मृतिचित्रे' मात्र ख्रिस्ती वाचकांपुरती राहिली नाहीत. ज्या घरांत बायबलची प्रत कधी आली नाही अशा हजारो मराठी घरांत ती वाचली गेली.